जागा कुठे आहे? – सार्वजनिक स्वच्छतागृहांच्या लोपाविषयी



गेल्या वेळी आपण 'सार्वजनिक' या शब्दाविषयी बोलत होतो. सार्वजनिक म्हणजे सर्वांचं, की कुणाचंच नाही, हा प्रश्न अर्धवट टाकून आपण उठलो होतो. त्यानंतर एका श्रोत्यांचं पत्र आलं. हे गृहस्थ मूळचे आपल्याच भागातले, सध्या इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावात मुलाकडे राहतात. त्यांनी लिहिलं की रोज संध्याकाळी आम्ही दोघं समुद्रावर फिरायला जात असू. किनाऱ्यावर दोन स्वच्छतागृहं होती, ती खर्च परवडत नाही म्हणून बंद झाली. आता आम्ही समुद्र खिडकीतून बघतो. आणि खाली एक ओळ: यावर तुमचं तत्त्वज्ञान काय म्हणतं?

आम्हाला आधी वाटलं, थट्टा आहे. मग पत्र पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं की थट्टा अजिबात नाही. एक माणूस सांगतोय की त्याचा समुद्र गेला. समुद्र जागच्या जागी आहे, रस्ता आहे, पाय चालतात, आणि तरी तो गेला. ही गोष्ट नीट समजून घ्यायची तर आजचा तास पुरणार नाही, पण सुरुवात करू.

आपल्या नगर जिल्ह्याला समुद्र नाही. (अहिल्यानगर म्हणायचं आता. आमची जीभ सत्तर वर्षं 'नगर'ला सरावलेली आहे, तेवढी सवलत द्या.) पण समुद्रकाठच्या गावाचं जे खरं लक्षण, म्हणजे गावातल्यांपेक्षा बाहेरून येणारी माणसं जास्त, ते आपल्याकडे भरपूर आहे. शिर्डीला गुरुवारी जा. शनिशिंगणापूरला शनी अमावस्येला जा. मढीची यात्रा, मोहटादेवीचं नवरात्र, सिद्धटेकची चतुर्थी, पावसाळ्यात भंडारदऱ्याला लोटणारी पुण्या-मुंबईची गर्दी, हे सगळं आपल्या एका जिल्ह्यात आहे. त्याशिवाय प्रत्येक तालुक्याच्या गावाला आठवड्याचा एक समुद्र येतो, त्याला आपण बाजार म्हणतो.

आता शब्दांकडे जरा पाहू. आमचा धंदाच तो. मराठीत या क्रियेला किती नावं आहेत बघा. परसाकडे जाणं. बाहेर जाऊन येणं. बहिर्दिशेला जाणं. गावाकडची गोदरी, हागणदारी. यांतल्या जवळजवळ प्रत्येक शब्दात क्रिया लपवलेली आहे आणि ठिकाण सांगितलेलं आहे. परस म्हणजे घरामागची जागा. बाहेर म्हणजे उंबऱ्याच्या पलीकडे. बहिर्दिशा म्हणजे गावाबाहेरची दिशा. आपण म्हणू, संकोचापोटी आहे हे. असेल. पण संकोचापोटी का होईना, भाषेनं एक सत्य बरोबर पकडलेलं आहे: ही क्रिया म्हणजे मुळात जागेचा प्रश्न आहे. आणि सभ्य शब्द घ्या, 'लघुशंका'. आम्ही चाळीस वर्षं वर्गात शंकानिरसन केलं, पण या एका शंकेचं निरसन कोणत्याही ग्रंथात होत नाही, त्याला जागाच लागते.

जेरेमी वॉल्ड्रन नावाचे एक तत्त्वज्ञ आहेत, मूळचे न्यूझीलंडचे. त्यांनी १९९१ साली बेघरपणा आणि स्वातंत्र्य यांवर एक निबंध लिहिला. त्यांचा युक्तिवाद अगदी साधा आहे आणि म्हणून टाळता येत नाही. आपण शरीरधारी आहोत. त्यामुळे जे काही करायचं ते कुठेतरीच करावं लागतं. ज्या क्रियेसाठी मला कुठेही जागा नाही, ती क्रिया करायला मी स्वतंत्र नाही. आता समजा, जमीन दोन प्रकारची आहे, खासगी आणि सार्वजनिक. खासगी जागेत मालक मला येऊ देत नाही. सार्वजनिक जागेत लघवी करणं कायद्यानं गुन्हा आहे. आपल्याकडेही आहे, महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ चा आहे आणि त्यात रस्त्यावर घाण करण्याला दंड आहे. तर मग ज्याच्याकडे स्वतःची खासगी जागा नाही, त्यानं काय करायचं? त्याला कुणी मनाई केलेली नाही असं म्हणता येईल का? दोन बाजूंच्या दोन मनाया मिळून एक संपूर्ण मनाई तयार होते, आणि ती कुणीच केलेली नसते.

वॉल्ड्रन यांच्या डोळ्यांसमोर बेघर माणूस होता. पण घरापासून तीस किलोमीटरवर, बाजाराच्या दिवशी, भाजीचं गाठोडं घेऊन सकाळी सहाच्या एस.टी.नं आलेली बाई संध्याकाळी सहापर्यंत त्या दृष्टीनं बेघरच असते. घर आहे, पण आज ते तीस किलोमीटर लांब आहे.

आमच्या लहानपणीच्या तालुक्याच्या गावात बाजारपेठेच्या मागे एक मुतारी होती. दगडी, चुन्यात बांधलेली, वर पत्रा, बाजूला पाण्याचा हौद. स्वच्छ होती असा दावा नाही. वास यायचा. पण ती होती, आणि तिच्या पलीकडच्या अंगाला, आडभिंतीमागे, बायकांसाठी चार कप्पे होते. आता ती नाही. ती कधी गेली हे गावातल्या आमच्या वयाच्या पाच-सहा माणसांना विचारलं. एकालाही साल सांगता आलं नाही. गावातला सिनेमा कधी बंद पडला हे सगळ्यांना ठाऊक, शेवटचा खेळ कोणता होता हेही ठाऊक.

याचं कारण असं की स्वच्छतागृह एका दिवसात जात नाही. आधी नळाला पाणी येईनासं होतं. मग दिवा जातो, आणि दिवा गेला की अंधार पडल्यावर बायका जाणं बंद करतात. मग कडी तुटते; कडी तुटली की दिवसाही बंद करतात. पाणी नाही म्हणून वास वाढतो. वास वाढला की शेजारचे दुकानदार अर्ज देतात, आणि त्यांचंही खोटं नसतं, त्यांना दिवसभर तिथे बसायचं असतं. मग एक पाटी लागते: दुरुस्तीसाठी बंद. ही पाटी दोन-चार वर्षं राहते. तेवढ्यात रस्ता रुंदीकरण येतं किंवा व्यापारी संकुल येतं, आणि जे आधीच बंद आहे ते पाडायला कुणाची हरकत असणार? पाडताना कुणी रडत नाही, कारण ज्यांचं ते होतं त्यांनी ते कधीच सोडलेलं असतं. आमच्या गावात त्या जागेवर आज गाळे आहेत. गाळ्यांच्या मागच्या भिंतीवर ओळीनं देवादिकांच्या फरशा बसवल्या आहेत: गणपती, साईबाबा, मक्का-मदिना, येशू, सर्वधर्मसमभाव. लोकांनी भिंतीशी उभं राहू नये म्हणून. ज्या गावाला मुतारी राखता येत नाही ते गाव देवांना पहाऱ्याला बसवतं.

बांधायला पैसे मिळतात, राखायला मिळत नाहीत, ही यातली मुख्य गोम आहे. २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत अभियान सुरू झालं. त्याआधी २००० साली आपल्याच राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं होतं. या मोहिमांनी खेड्यातल्या हागणदाऱ्या हटवल्या, घरोघरी शौचालयं आली, हे काम मोठं आहे. ज्यांनी पहाटेच्या अंधारात टमरेल घेऊन जाणाऱ्या बायका पाहिल्या आहेत त्यांनी त्याला नावं ठेवू नयेत. पण मोहिमेला मोजायला आवडतं, आणि मोजता येतं ते बांधकाम. किती बांधली याचा आकडा असतो. आज दुपारी तीन वाजता किती उघडी आहेत, किती ठिकाणी पाणी आहे, कडी आतून लागते का, याचा आकडा कोण ठेवणार? बांधकामाला उद्घाटन असतं, फीत असते, फोटो असतो. नळाचा वॉशर बदलल्याची फीत आजवर कुणी कापली आहे का? बांधकामाचा पैसा वरून योजनेतून येतो, पण रोजचा झाडूवाला, पाणी, वीज, फिनाईल हे गावाच्या तिजोरीतून भागवावं लागतं. आणि ती तिजोरी कुणाची मर्जी सांभाळते? मतदाराची.

इथे इंग्लंडचा किनारा आणि आपला बाजार एकमेकांना भेटतात. किनाऱ्यावरचं स्वच्छतागृह जे वापरतात ते बाहेरगावचे. त्याचा खर्च जे करतात ते त्या गावचे. शिर्डीतल्या गल्लीत अडचण झालेली बाई नांदेडची किंवा हैदराबादची असते, तिचं मत शिर्डीत नाही. बाजाराच्या गावात भाजी विकायला आलेल्या बाईचं मत तिच्या ग्रामपंचायतीत, आणि मुतारी नगरपरिषदेची. जो वापरतो तो मतदार नाही आणि जो मतदार आहे त्याचं घर दोनशे पावलांवर आहे. लोकशाहीत वाईट माणसं निवडून आली की वाईट घडतं असं आपण समजतो. पण इथे सगळी भली माणसं निवडून दिली तरी हेच घडेल. फार मोठ्या देवस्थानाला यातून वाट काढता येते, कारण त्याच्याकडे स्वतःचं उत्पन्न असतं. शिर्डीत सुलभचं मोठं संकुल आहे, शंभरावर शौचालयं आणि तितकीच स्नानगृहं. पण तिथून शिंगणापूरपर्यंत साधारण सत्तर किलोमीटरचा रस्ता आहे, आणि तो रस्ता कोणत्याही देवस्थानाचा नाही.

आता कायद्याकडे येऊ, कारण आमच्या त्या श्रोत्यांना वाटतं की इंग्लंडात तरी कायदा असेल. नाही. तिथला १९३६ चा सार्वजनिक आरोग्य कायदा स्थानिक संस्थांना स्वच्छतागृहं बांधण्याचा अधिकार देतो, ती बांधायची सक्ती करत नाही. 'करू शकेल' असं आहे, 'करील' असं नाही. २०१० नंतर जेव्हा स्थानिक संस्थांच्या पैशाला कात्री लागली, तेव्हा जे करायलाच हवं ते राहिलं आणि जे करू शकतो ते गेलं. वेल्समध्ये २०१७ साली नवा कायदा झाला, त्यानं प्रत्येक स्थानिक संस्थेला स्वच्छतागृहांचा आराखडा तयार करणं बंधनकारक केलं. आराखडा बंधनकारक, स्वच्छतागृह नव्हे.

आपल्याकडे उलट आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ चा, त्यात पालिकेच्या कामांचे दोन भाग केले आहेत, बंधनकारक आणि ऐच्छिक. सार्वजनिक शौचालयं आणि मुताऱ्या बांधणं, राखणं, साफ करणं हे बंधनकारक यादीत आहे. तालुक्याच्या गावांना लागू असलेला नगरपरिषदांचा १९६५ चा अधिनियम घ्या, तिथेही तेच. म्हणजे तिकडे कर्तव्य नाही म्हणून स्वच्छतागृहं गेली, आणि इकडे कर्तव्य आहे, तरी गेली. हे कोडं आम्हाला फार दिवस छळत होतं.

कांट कर्तव्याचे दोन प्रकार करतो. काही कर्तव्यं अशी की ती नेमकी काय आहेत हे ठरलेलं असतं, त्यात सूट नसते. कुणाचे पैसे घेतले आहेत, त्याला ते परत करायचे. दुसरी अशी की ती करायची आहेत हे खरं, पण कधी, किती, कुणासाठी हे करणाऱ्यावर सोडलेलं. दानधर्म करावा, पण याच भिकाऱ्याला, आजच, असं नाही. आपल्या जुन्या सावकारी भाषेत सांगायचं तर पहिल्या प्रकारात ऋणको आहे आणि धनकोही आहे. दुसऱ्यात ऋणको आहे, धनको सापडत नाही. कायद्यानं बंधनकारक यादीत लिहिलेली मुतारी व्यवहारात दुसऱ्या प्रकारात जाऊन पडली. पालिका देणं लागते. पण कुणाचं? सगळ्यांचं. आणि सगळ्यांचं देणं मागायला दारात कोण येतो?

पुण्यात ते मागायला आल्या. 'मिळून साऱ्याजणी' हे नाव आपल्याला माहीत आहे, विद्या बाळ यांनी १९८९ साली सुरू केलेलं मासिक. त्यांनी २०११ साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली: शहरात स्त्रियांसाठी रस्त्यावर, बाजारात स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं नाहीत, आणि हे त्यांच्या जगण्याच्या हक्कावरचं आक्रमण आहे. डिसेंबर २०१५ मध्ये निकाल लागला. न्यायालयानं हे म्हणणं मान्य केलं, घटनेच्या एकविसाव्या कलमाशी ते जोडलं, आणि राज्यातल्या महानगरपालिकांना समित्या नेमून आराखडा करण्याचे आदेश दिले. त्या निकालाचं तत्त्वज्ञानातलं मोल आमच्या मते असं की त्यानं धनको उभा केला. बंधनकारक काम जुनंच होतं. ते कुणाचं येणं आहे, हे पहिल्यांदा नाव घेऊन सांगितलं गेलं. १५ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानंही न्यायालयांच्या आवारातल्या स्वच्छतागृहांबद्दल असाच निकाल दिला, त्यात पुरुष, स्त्रिया, अपंग, तृतीयपंथी या सगळ्यांचा स्वतंत्र विचार आहे. मात्र २०१५ चे आदेश महानगरपालिकांना उद्देशून होते. आमच्या बाजाराच्या गावाची भाजीवाली त्या निकालाच्या वेशीबाहेरच उभी आहे.

स्त्रियांचा विषय निघालाच आहे तर एक तर्कदोष सांगतो. आमच्या गावातल्या एका जबाबदार गृहस्थांना आम्ही विचारलं, नव्या संकुलात बायकांसाठी का नाही बांधलं? ते म्हणाले, "सर, बायका कुठं येतात? आधीच्या ठिकाणीही येत नव्हत्या. बांधून वापरच होत नाही." न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय म्हणतात. नाही म्हणून येत नाहीत, येत नाहीत म्हणून नाही. दोन्ही विधानं एकमेकांच्या खांद्यावर उभी आहेत आणि खाली जमीन नाही. ते गृहस्थ दुष्ट नाहीत, त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलंच सांगितलं. पण जी बाई सकाळपासून पाणी न पिता बसली आहे ती डोळ्यांना दिसते कशी? ती तर भाजी विकताना दिसते. तिचं मूत्रमार्गाचं दुखणं डॉक्टरांच्या वहीत जातं, पालिकेच्या वहीत येत नाही.

आता एक घरची गोष्ट. ती इथे सांगावी की नाही यावर आम्ही बराच विचार केला. शेवटी जिची गोष्ट तिनंच परवानगी दिली.

निवृत्तीनंतर आम्ही एका सभागृहात दर महिन्याला व्याख्यान देत असू. सभागृहाचं नाव महत्त्वाचं नाही. पहिल्या काही व्याख्यानांना आमच्या सौ. येत, दुसऱ्या रांगेत बसत. मग त्या येईनाशा झाल्या. विचारलं तर म्हणत, "घरी काम आहे." आम्ही अर्थ लावला: कंटाळा आला असणार, चाळीस वर्षं घरात ऐकलं, आता पुन्हा सभागृहात कशाला? थोडं लागलंही मनाला. बोलून दाखवलं नाही, पण एखाद्या वेळी टोमणा मारला असेल. असं आठ-नऊ वर्षं चाललं. पुढे आम्हाला स्वतःला प्रोस्टेटचा त्रास सुरू झाला. एका व्याख्यानात अर्ध्या तासानं आम्हाला थांबावं लागलं, आणि तेव्हा कळलं की त्या इमारतीत पुरुषांसाठी मागे एक आडोसा आहे, बाकी काही नाही. घरी येऊन हे सांगितलं. त्या पोळ्या लाटत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "अहो, मग मी इतकी वर्षं का येत नव्हते असं वाटलं तुम्हाला?"

आम्ही ज्ञानमीमांसा शिकवली. प्रत्यक्ष, अनुमान, शब्द ही प्रमाणं शिकवली. अनुपलब्धी, म्हणजे एखादी वस्तू नाही हे कशावरून कळतं, यावर मीमांसक काय म्हणतात ते वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलं. आणि दुसऱ्या रांगेतली एक खुर्ची रिकामी का आहे, याचं अनुमान आठ-नऊ वर्षं चुकवलं. बरं, विचारलंही नीट नाही. बाईला बारा-तेराव्या वर्षी जे कळतं ते पुरुषाला सत्तरीला प्रोस्टेट शिकवतं.

पैशाचा मुद्दा थोडक्यात घेतो. स्वच्छतागृहाचा पैशाशी संबंध फार जुना. रोमचा सम्राट व्हेस्पासियन यानं मूत्रावर कर बसवला होता, कारण कातडी कमावणारे आणि कपडे धुणारे ते विकत घेत. त्याचा मुलगा टायटस नाराज झाला, तेव्हा बापानं त्याच्या नाकाशी नाणं धरलं आणि विचारलं, वास येतो का? १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात जॉर्ज जेनिंग्ज यानं एक पेनी घेऊन स्वच्छतागृहं चालवली. आठ लाखांवर लोकांनी ती पेनी मोजली. आपल्याकडे बिंदेश्वर पाठकांच्या सुलभनं १९७४ साली पाटण्यात पैसे देऊन वापरायचं स्वच्छतागृह सुरू केलं आणि लोक हसतील असं ज्यांना वाटत होतं ते चुकले. पैसे घेऊन का होईना, पाणी आणि झाडू येतो, हा त्याचा गुण आम्ही मान्य करतो. पण यात एक खोच राहते. पुरुषाची मुतारी फुकट, आणि शौचालयाला पैसे. बाईला दोन्हीसाठी बंद खोलीच लागते, म्हणजे तिला प्रत्येक वेळी पैसे. कुणी मुद्दाम केलेलं नाही, दरपत्रकात 'स्त्री' हा शब्दसुद्धा नाही, आणि तरी अन्याय पुरा. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' या नावानं जी चळवळ उभी राहिली तिनं हाच मुद्दा लावून धरला. दिवसाला दोनशे रुपयांची मेथी-कोथिंबीर विकणाऱ्या बाईनं तीन वेळा पाच-पाच रुपये द्यावेत हे दरपत्रक लिहिणाऱ्याला सुचतं, कारण तो स्वतः उभ्यानं फुकट जातो.

आणि साफ कोण करणार? हा प्रश्न टाळून स्वच्छतागृहांवर बोलणं म्हणजे शुद्ध लबाडी आहे. आपल्या गावांतली मुतारी राहिली नाही याचं एक कारण असं की ती साफ करणं हे काम आपण कामाच्या यादीत धरलंच नाही, जातीच्या यादीत धरलं. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम स्वतः करू देण्याची मागणी केली. ते सवर्ण कैद्याला करता येत नाही म्हणून नकार आला. अप्पांनी अन्न सोडलं आणि येरवड्याहून गांधीजींनी त्यांच्यासाठी उपवास धरला. पुढे कणकवलीला गोपुरीत अप्पांनी आयुष्य घालवलं ते संडासांचे साधे, स्वस्त नमुने करण्यात. देहूला डॉ. मापुसकर डॉक्टर म्हणून गेले आणि औषधापेक्षा शौचालय जास्त रोग बरे करतं हे ओळखून त्यातच राहिले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. हातानं मैला उचलण्यावर १९९३ मध्ये एकदा आणि २०१३ मध्ये दुसऱ्यांदा कायद्यानं बंदी आली. एकाच गोष्टीवर दोनदा बंदी घालावी लागते, यातच काय ते आलं. जोवर हे काम चांगल्या पगाराचं, यंत्रांचं, गणवेशाचं, सुट्टीचं होत नाही, आणि कुणीही अर्ज करावा असं होत नाही, तोवर पाटी 'दुरुस्तीसाठी बंद' अशीच राहणार.

शिंगणापूरचा उल्लेख केला म्हणून एक आठवलं. त्या गावाची ख्याती अशी की घरांना दारं नाहीत, कुलपं नाहीत. २०११ साली तिथे बँकेची शाखाही बिनकुलपाची उघडली. शनिदेव राखतो, चोरी होत नाही. पण त्या गावच्या सार्वजनिक शौचालयाला पडदा आहे, असं वर्णन मागे बातम्यांत वाचलं होतं, आणि आम्हाला ते फार अर्थपूर्ण वाटलं. चोराच्या भीतीनं लावलेलं दार श्रद्धेनं काढता येतं. हा आडोसा चोरासाठी नसतो. ज्या गावानं दागिन्यांपुढचं दार काढलं त्यालाही माणसापुढचा पडदा काढता आला नाही.

जर्मनीत आलेन नावाच्या गावात साधारण २००० सालापासून एक पद्धत आहे. गावातली उपाहारगृहं काचेवर एक खूण लावतात, म्हणजे आत येऊन स्वच्छतागृह वापरा, काही विकत घ्यायची गरज नाही. त्याबद्दल गाव त्यांना दरमहा ठरावीक रक्कम देतं. नवं बांधकाम नाही, सफाई आधीच होत असते. पुढे शेकडो गावांनी ती उचलली. आपल्याकडे चालेल का? नगर-मनमाड रस्त्यावरच्या मोठ्या हॉटेलांत, मोटारीतून उतरणाऱ्या कुटुंबासाठी, नक्की चालेल. त्यासाठी पालिकेनं आणि जिल्हा परिषदेनं प्रयत्न करावा असंच आम्ही म्हणू. पण पाथर्डीहून कारखान्यावर निघालेली, डोक्याला फडकं बांधलेली ऊसतोड बाई त्या काचेचं दार ढकलेल का? तिला खूण वाचता आली तरी गल्ल्यावरच्या माणसाची नजर वाचता येतेच. परवानगी आणि हक्क यांत फरक आहे तो इथे. परवानगी प्रत्येक वेळी नव्यानं मागावी लागते, तोंड बघून दिली जाते. बाजारातली ती जुनी मुतारी कुणाचं तोंड बघत नव्हती. तेव्हा हॉटेलांची जोड असावी, पण ती पालिकेच्या बदल्यात नको.

पत्र लिहिणाऱ्या श्रोत्यांना आम्ही उत्तर पाठवलं आहे. त्यांच्या गावच्या पालिकेच्या सभेत बाहेरच्यांनाही प्रश्न विचारता येतो असं त्यांनी कळवलं होतं. तर जाऊन विचारा, आणि सोबत दोन-तीन म्हाताऱ्या बायका घेऊन जा, असं आम्ही सुचवलं. पुढच्या महिन्यात आपण 'शेजार' या कल्पनेकडे वळू. 'हवं, पण आमच्या दारात नको' हा जो मुद्दा आज हातातून निसटला, तो तिथे घेऊ.

प्रश्नोत्तरांपूर्वी एक सूचना. या इमारतीतलं स्त्रियांचं स्वच्छतागृह मागच्या जिन्याखाली आहे. दिव्याचं बटण बाहेरच्या बाजूला, डाव्या हाताला. किल्ली एरवी व्यवस्थापकांकडे असते आणि ती मागावी लागते. आज ती या टेबलावर ठेवली आहे, आणि दार आम्ही येतानाच उघडून ठेवलं आहे. कडी लागते, पाहिली आहे.

हं, मागून कुणाचा तरी हात वर आहे. विचारा.